पुसलेल्या फिती आणि माळ्यावरच्या कॅसेटी



इथे यूकेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या ऑफिसात एक तरी 'डॉक्टर हू'चा भक्त असतोच. निळी पोलीस-पेटी, काळातला प्रवास वगैरे. मला स्वतःला त्या मालिकेपेक्षा तिच्या हरवलेल्या भागांचं वेड जास्त. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ला ती सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यातले शंभराच्या आसपास भाग बीबीसीनेच नाहीसे केले. आग नाही, पूर नाही, चोरी नाही. रीतसर फॉर्म भरून!

तेव्हा कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर व्हायचे. टेप महाग, पण पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होती. घरी व्हिडिओ विकत घेऊन बघणं ही कल्पनाच नव्हती. त्यात बीबीसी-१ वर १९६९मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं आणि ब्लॅक अँड व्हाईटची किंमत शून्य झाली.

आपल्यासारख्या आयटीवाल्यांनी बघण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. परदेशी विक्रीसाठी बीबीसीचा विक्री विभाग या टेपवरून १६ मिलिमीटरच्या फिल्म प्रती काढायचा. टेप सांभाळणाऱ्यांना वाटलं, फिल्म आहे ना त्यांच्याकडे. विक्रीवाल्यांना वाटलं, मूळ प्रत ठेवणं आपलं काम नाही. आणि फिल्म लायब्ररी म्हणाली, टेपवर बनलेले कार्यक्रम आमच्या कक्षेत येत नाहीत. तिघंही आपापल्या नियमाने बरोबर आणि माल गायब. १९६७ ते १९७८ असं चाललं. १९७८मध्ये सू माल्डेन यांची या संग्रहावर नेमणूक झाली. त्याच सुमारास इयन लेव्हीन नावाच्या चाहत्याने फेकायला काढलेले काही भाग वाचवले. बॅकअप कोणाच्या नावावर आहे हे न विचारल्याचा परिणाम हा असा.

मग जे वाचलं ते कसं वाचलं? बरंचसं परदेशात गेलं म्हणून! फिल्मची प्रत एका देशात दाखवून झाली की खर्च वाचवायला पुढच्या देशाला पाठवत. त्यामुळे चाहते आज गुप्तहेरासारखे विक्रीच्या नोंदी जुळवतात : अमुक प्रत इथून तिथे गेली, नष्ट केल्याचा दाखला आहे का, नसेल तर ती आहे कुठे? अशा तर्काला फळंही आलीत. 'टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग १९९१च्या सुमारास हाँगकाँगमधून परत आले. एक भाग १९९९मध्ये न्यूझीलंडमध्ये मिळाला. आणि ऑक्टोबर २०१३मध्ये जाहीर झालं की फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहरातल्या प्रक्षेपण केंद्रात नऊ हरवलेले भाग सापडले. हरवलेल्यांचा आकडा १०६वरून ९७वर आला. लंडनच्या ट्यूबमध्ये यती घुसतात ती १९६८ची 'वेब ऑफ फिअर' त्यातलीच. तिचा तिसरा भाग मात्र तेव्हाही मिळाला नाही.

गंमत बघा, ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने भीतीदायक म्हणून कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जपून ठेवलेले निघाले. १९९६मध्ये चाहत्यांनी ते शोधले. आख्खा भाग गेला, पण मुलांनी बघू नये म्हणून कापलेलं तेवढं शिल्लक!

दुरुस्तीचं तंत्रही अफाट आहे. १९७०च्या दशकातले काही रंगीत भाग फक्त ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर उरले होते. फिल्म काढताना रंगाचा सिग्नल गाळला नसेल, तर पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटते. ती जाळी म्हणजेच रंगाची माहिती. ती संगणकाने वाचून मूळ रंग परत मिळवले. 'डॅड्स आर्मी'चा एक भाग असाच २००८च्या डिसेंबरमध्ये रंगीत होऊन दाखवला गेला. चित्र नसलेल्या प्रत्येक 'डॉक्टर हू' भागाचा आवाज मात्र आहे, कारण त्या काळच्या शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला होता. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित केली. १९६४च्या 'मार्को पोलो'चे सातपैकी सहा भागही त्यांचेच. २०१३च्या शोधानंतरही ते सातही भाग फक्त कानांनीच अनुभवायचे होते.

आता अफवांबद्दल. २०१३च्या आधी 'जवळजवळ सगळंच सापडलंय, बीबीसी दडवतेय' अशा वावड्या महिनोन्महिने उडत होत्या. मला हे निरुपद्रवी वाटत नाही. जुन्या प्रती बऱ्याचदा खासगी संग्राहकांकडे असतात आणि कचऱ्यातून उचललेल्या फिल्मवर कायद्याने हक्क कोणाचा हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर टांगलेला असतो. विनोदी कलाकार बॉब मंकहाउस यांच्यावर फिल्म संग्रहावरून खटला झाला. १९७९मध्ये ते निर्दोष सुटले, पण बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. त्यांच्या २००३मधल्या निधनानंतर याच माणसाच्या संग्रहातून हरवलेले मानलेले कार्यक्रम निघाले! ज्याच्या दारात आपण आरडाओरडा करतो, तो दार उघडत नाही. पुरावा जुळवणं हे संशोधन. नावं घेऊन संशय पसरवणं म्हणजे उरलीसुरली प्रतही गमावणं.

इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे १९३१च्या 'आलम आरा'ची प्रत कुठे आहे ते माहीत नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची थोडी रिळं उरली, तीही १९१३ची की १९१७च्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत वाद आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये निघालं, तोवर मूकपटांचा काळ सरून तीन दशकं झाली होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तिथल्या सुरुवातीच्या कार्यक्रमांबद्दल आपले आईवडील बोलतात ते बहुतेक आठवणीवरच.

म्हणून एक सांगणं. जोसमधल्या फिल्म वाचल्या कारण त्या घरापासून लांब होत्या. आपणही लांबच आहोत. ८०-९०च्या दशकात इथे आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी नाटकं, मुलाखती, गणेशोत्सवाचे कार्यक्रम व्हीएचएसवर भरून आणले किंवा इथेच रेकॉर्ड केले. त्या कॅसेटी आता माळ्यावर, गॅरेजमध्ये पडून आहेत, आणि घर लहान करताना पहिल्यांदा त्याच कचऱ्यात जातात. टाकण्याआधी लेबल तरी वाचा. बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, जाणकाराकडून कॉपी करून घ्या. काय, कधी, कुठलं रेकॉर्डिंग हे लिहून ठेवा. फाईल झाली तरी मूळ कॅसेट ठेवा आणि फाईलची प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असू द्या. मालकी हक्काचा प्रश्न आहेच, पण तो जपलेल्या गोष्टीबद्दलच विचारता येतो.

तुमच्या शेजारच्या काकूंकडे, मित्राच्या सासऱ्यांकडे एखादी जुनी पेटी असेल तर या वीकएंडला सहज विचारा. फार तर चहा पिऊन परत याल :-)

आपला,
एक रेडिंगकर