साखरेचा पहारेकरी आणि नाण्याएवढा सेल

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याच्या रक्तातील साखर रात्री झोपेत फार उतरली, तर त्याला ते कळेलच असे नाही. अशा वेळी जागे करणारा पहारेकरी अंगावरच हवा. तो घडवताना रसायनशास्त्राइतकेच विजेनेही अडवले, हे सहसा सांगितले जात नाही.

रसायनशास्त्राने वाट १९६२ सालीच दाखवली होती. अमेरिकेतील लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी विद्युतअग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवून साखरेचे माप विजेच्या भाषेत मांडण्याची युक्ती सुचवली. मात्र त्वचेखालच्या बारीक संवेदकातून मिळणारा प्रवाह काही नॅनोअँपियर एवढाच असतो. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले मिनिमेडचे यंत्र तो तारेने कमरेच्या पेटीत नेई. दिवसाला २८८ नोंदी होत. पण त्या रुग्णाला दिसतच नसत, तीन दिवसांनी डॉक्टर संगणकावर पाहत! पहारेकरी होता, पण मुका.

तार काढायची तर रेडिओ हवा, आणि खरा खादाड तोच. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. नाण्याएवढ्या लिथियम सेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपियर-तास असते. रेडिओला ५ मिलिअँपियर लागतात असे धरू. तो सतत चालला तर सेल ४५ तासांत संपेल. पण दर पाच मिनिटांनी सेकंदाचा शंभरावा भागच बोलला, तर सरासरी प्रवाह तीस हजारपट कमी होतो. मग खर्च उरतो तो मुख्यतः मापनाच्या मंडलाचा. विद्युतअग्रावरचा दाब सतत टिकवायचा असल्याने त्याला असे झोपवता येत नाही.

२०१४ मध्ये युरोपात आलेल्या फ्रीस्टाइल लिब्रे या यंत्राने रेडिओलाच फाटा दिला. दंडावरची चकती आठ तासांच्या नोंदी साठवी आणि वाचकयंत्र जवळ नेले की त्याच्याच चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने त्या कळवी. चकती १४ दिवस चाले. काटकसर उत्तम, पण झोपलेल्याने वाचकयंत्र दंडाजवळ न्यायचे कसे? धोक्याची घंटा २०१८ मध्ये पुढच्या आवृत्तीत आली, ती ब्लूटूथ रेडिओ घालूनच.

एव्हरसेन्स या यंत्राने २०१६ पासून वेगळी तऱ्हा अवलंबली. त्वचेखाली बसवायच्या कुपीत सेलच नाही. वर चिकटवलेला प्रेषक तिला प्रवर्तनाने वीज पुरवतो. हा प्रेषक रोज काढून चार्ज करावा लागे, आणि तेवढा वेळ नोंदी बंद राहत.