कोणता भाग वरचा? स्लॅशर चित्रपट आणि त्यांच्या चाहत्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

1996 च्या ‘स्क्रीम’ची सुरुवात टेलिफोनवरच्या प्रश्नोत्तरांनी होते. घरात एकटी असलेली केसी बेकर चुलीवर पॉपकॉर्न ठेवून फोन घेते आणि पलीकडचा अनोळखी आवाज तिला भयपटांविषयी विचारू लागतो. ‘हॅलोवीन’मधला खुनी कोण, हे ती बरोबर सांगते. मग प्रश्न येतो ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा. ती बेधडक जेसनचे नाव घेते आणि तिथेच फसते. 1980 च्या मूळ चित्रपटात खून करते ती जेसनची आई, पामेला व्होरहीस. जेसन खुनी म्हणून उभा राहतो तो पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात. या एका चुकीपायी बाहेर खुर्चीला बांधलेल्या तिच्या मित्राचा जीव जातो. पटकथाकार केव्हिन विल्यमसन आणि दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांनी हा प्रसंग ज्यांच्या भरवशावर रचला, ते चाहते या प्रश्नावर आपसांत आधीच भांडून चुकले होते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने याच दाराने आत यावे, असे मला वाटते. आपला विषय स्लॅशर चित्रपट, म्हणजे एकामागून एक बळी घेणाऱ्या खुन्याचे भयपट, हा आहेच, पण त्याहून अधिक त्या चित्रपटांभोवती जमलेली माणसे आणि त्यांचे वाद हा आहे. ‘हॅलोवीन’चा मायकल मायर्स, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा जेसन, ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा फ्रेडी, ‘चाइल्ड्स प्ले’चा चकी आणि ‘स्क्रीम’चा घोस्टफेस यांच्यात श्रेष्ठ कोण, मालिकेतला कोणता भाग डोक्यावर घ्यायचा आणि कोणता तळाला टाकायचा, रिमेक यादीत धरायचा की नाही, यावर चार दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. माझे म्हणणे असे की क्रमवारी लावणे हा चाहत्यांचा समीक्षा करण्याचा प्रकार आहे, आणि या चित्रपटांविषयी पुढे सर्वमान्य झालेल्या कितीतरी गोष्टी आधी तिथे ठरल्या आहेत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र सहज मिळतो. हिचकॉकचा ‘सायको’ आणि मायकल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ हे दोन्ही 1960 चे. इटलीत मारिओ बाव्हाचा ‘अ बे ऑफ ब्लड’ 1971 साली आला. 1974 मध्ये कॅनडातून बॉब क्लार्कचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ आणि टेक्सासमधून टोबी हूपरचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ आला. जॉन कार्पेंटरने डेब्रा हिलबरोबर लिहिलेला ‘हॅलोवीन’ 1978 सालचा. जेमतेम सव्वातीन लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने कोट्यवधी मिळवले आणि मग रांग लागली. पहिला स्लॅशर कोणता, यावरही एकमत नाही. नवख्याने त्यात फार अडकू नये.

‘हॅलोवीन’पाशी मात्र थांबायला हवे. शेवटाकडे नायिका लॉरी दाराच्या चौकटीला टेकून अंधाऱ्या कोनाड्यापुढे हुंदके देते आहे. तिच्या मागच्या काळोखातून मायकलचा पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. छायालेखक डीन कंडी याने त्या चेहऱ्यावरचा दिवा इतक्या सावकाश उजळला आहे की तो नेमका कधी दिसू लागला, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. रक्ताचा थेंब नाही, धक्का देणारे कटिंग नाही. विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा बाजारात मिळणारा एक स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून वापरला होता, एवढीच सामग्री. चाहत्यांच्या याद्यांत हा चित्रपट वर्षानुवर्षे वरच्या जागा धरून आहे तो या कसबामुळे, आणि त्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे.

व्यावसायिक समीक्षकांनी या प्रकाराला सुरुवातीला फारसे आत घेतले नाही. जीन सिस्केल याने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या परीक्षणात खुनी कोण हे मुद्दाम फोडले, लोकांनी चित्रपट पाहू नये म्हणून. 1980 मध्ये त्याने आणि रॉजर ईबर्टने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग स्त्रियांना सावज करणाऱ्या चित्रपटांवर टीका करण्यात घालवला. ‘हॅलोवीन’ तेवढा वेगळा काढून त्याची स्तुती केली. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. तो आजही समोर ठेवूनच हे चित्रपट पाहावे लागतात.

अभ्यासाला खरे वळण दिले ते कॅरल क्लोव्हर यांनी. त्या मूळच्या मध्ययुगीन आइसलँडच्या सागांच्या अभ्यासक. 1987 चा त्यांचा निबंध आणि 1992 चे ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ हे पुस्तक यांतून ‘फायनल गर्ल’ ही संकल्पना आली: सगळे मेल्यावर उरणारी, सावध, शेवटी स्वतः हत्यार उचलणारी मुलगी, जिच्याशी तरुण पुरुष प्रेक्षकही एकरूप होतो. ही संकल्पना आता सर्वतोमुखी आहे. माझ्या मते त्यांचा दुसरा विचार आपल्या कामाला अधिक उपयोगी पडतो. स्लॅशरकडे त्यांनी मौखिक परंपरेकडे पाहावे तसे पाहिले: इथे मूळ, अस्सल अशी संहिता नसते, असतात ती रूपांतरे आणि पाठभेद. सागांमध्ये मुरलेल्या माणसालाच हे सुचावे.

आता हा विचार चाहत्यांच्या याद्यांशेजारी ठेवून पाहा. यादी करणारा मूळ आणि नक्कल, खरे आणि खोटे यांत भेद करतोच. त्याशिवाय त्याला क्रम लावता येत नाही. त्याच वेळी पाठभेदांवर त्याचा जीव असतो, नाहीतर तो बारावा भाग पाहायला गेलाच नसता. या ओढाताणीत हे सगळे वाद जन्मतात. कोणता भाग कितव्या क्रमांकावर, या प्रश्नाच्या आड नेहमी दुसरा प्रश्न दडलेला असतो: मालिका म्हणजे काय, आणि कोणती गोष्ट काढून घेतली की ती मालिका उरत नाही?

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 1982 चा ‘हॅलोवीन थ्री: सीझन ऑफ द विच’. दुसऱ्या भागाच्या शेवटी मायकल मायर्स जळून गेला होता. कार्पेंटर आणि हिल यांची कल्पना अशी की यापुढे दरवेळी हॅलोवीनच्या सणाभोवतीची एक नवी, स्वतंत्र गोष्ट सांगायची. टॉमी ली वॉलेसने दिग्दर्शित केलेल्या या भागात एक कारखानदार मुलांसाठी मुखवटे विकतो, त्या मुखवट्यांत स्टोनहेंजच्या शिळेचे कण बसवलेले असतात, आणि सणाच्या रात्री टीव्हीवरची जाहिरात लागली की मुखवटा घातलेल्या मुलाचा घात होतो. मायर्स दिसतो तो फक्त टीव्हीवर, पहिल्या चित्रपटाच्या जाहिरातीत. प्रेक्षक भडकले. 1988 चा चौथा भाग आला तो शीर्षकातच मायर्सच्या पुनरागमनाची ग्वाही देत. तिसरा भाग अनेक वर्षे याद्यांच्या तळाशी पडून होता.

मग तो वर सरकू लागला. व्हिडिओ कॅसेटवर आणि रात्रीच्या टीव्हीवर तो पाहून मोठी झालेली पिढी विचारू लागली की नावातला ‘हॅलोवीन’ शब्द झाकला तर हा चित्रपट वाईट कसा? जाहिरातीची धून, मुलांपर्यंत घरातल्या पडद्यातून पोहोचणारा धोका, कार्पेंटर आणि ॲलन हॉवर्थ यांचे थंड सिंथेसायझर संगीत, अगदी अखेरच्या क्षणापर्यंत न मिळणारा दिलासा: एकेक मुद्दा चाहत्यांनी मांडला, खोडला, पुन्हा मांडला. आज त्याचे कट्टर समर्थक सर्वत्र भेटतात. हा बदल समजून घ्यायचा तर ‘लोकांची आवड बदलली’ एवढे म्हणून भागत नाही. इथे निकषच बदलला. खुनी म्हणजे मालिका, या निकषाऐवजी सण आणि वातावरण म्हणजे मालिका, हा निकष पुढे आला.

याच्या उलट बाजूला ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा पाचवा भाग आहे, 1985 चा. चौथ्या भागात जेसनला मारून मालिका संपल्याचे जाहीर झाले होते. पाचव्यात पुन्हा हॉकीचा मुखवटा येतो आणि खून सुरू होतात; मुखवट्यामागे निघतो मुलाच्या मृत्यूने पिसाटलेला एक रुग्णवाहिका कर्मचारी. बारकाईने पाहणाऱ्याला आधीच संशय येऊ शकतो, कारण या मुखवट्यावरच्या खुणा लाल नसून निळ्या आहेत. चाहते या निळ्या खुणांवर तासन्‌तास बोलतात. फसवणूक झाल्याची भावना अजून गेलेली नाही, आणि गंमत अशी की पहिल्या भागातही खुनी जेसन नव्हताच. खुनी बदलण्याची मुभा पहिल्या भागाला होती, पाचव्याला नाही. कारण तोवर मुखवटा आणि माणूस एकच झाले होते. तो मुखवटा जेसनच्या चेहऱ्यावर आला 1982 च्या तिसऱ्या भागात, शेली नावाच्या थट्टेखोर मुलाकडून.

निर्मातेही या वादात उतरतात. ‘हॅलोवीन’च्या दुसऱ्या भागाने लॉरीला मायकलची बहीण ठरवले. 1998 च्या ‘एच ट्वेंटी’ने चौथा, पाचवा आणि सहावा भाग बाजूला सारला. 2018 च्या चित्रपटाने पहिला सोडून सगळेच पुसले आणि बहिणीची गोष्ट लोकांनी रचलेली आहे, असे एका पात्राच्या तोंडी घातले. म्हणजे चाहता आपल्या यादीतून एखादा भाग वगळतो, तेच काम इथे पटकथेने केले. सहाव्या भागाची कथा याहून वेगळी. 1995 साली तो फेरचित्रण आणि काटछाट होऊन प्रदर्शित झाला, पण आधीची आवृत्ती चोरट्या कॅसेटींच्या नकलांतून चाहत्यांमध्ये फिरत राहिली. नकलेची नक्कल करून धूसर झालेली ती चित्रे ताडून पाहत लोकांनी दोन पाठांची तुलना केली. अखेर 2014 मध्ये ती आवृत्ती अधिकृतपणे बाहेर आली. संहिता जपण्याचे हे काम कोणत्याही संशोधन संस्थेने केलेले नाही, याची नोंद अभ्यासकाने आदराने घ्यावी.

क्रमवारीत न्याय होतो तसा अन्यायही होतो. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा 1985 चा दुसरा भाग बराच काळ हेटाळला गेला. फ्रेडी स्वप्नातच मारतो, हा नियम त्यात पाळला नाही, ही तक्रार वाजवी होती. पण नायक जेसीच्या वागण्यातल्या समलिंगी छटांची टवाळी तिच्यात मिसळलेली होती. ती झळ जेसीची भूमिका करणाऱ्या मार्क पॅटन या समलिंगी अभिनेत्याला प्रत्यक्ष बसली. पुढे समलिंगी चाहत्यांनीच हा चित्रपट आपला म्हणून उचलून धरला, आणि 2019 च्या ‘स्क्रीम, क्वीन!’ या माहितीपटात पॅटनला आपली बाजू मांडता आली. यादीतला तळ कुणासाठी तयार होतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणतीही क्रमवारी वाचू नये. रीटा मे ब्राउनने लिहिलेला आणि एमी होल्डन जोन्सने दिग्दर्शित केलेला, म्हणजे दोन स्त्रियांच्या हातचा, 1982 चा ‘द स्लंबर पार्टी मॅसकर’ कुठे बसवला आहे, हेही तपासावे. रिचर्ड नोवेल यांनी 2011 च्या ‘ब्लड मनी’त दाखवून दिले की पहिल्या लाटेचे निर्माते तरुण मुलींनाही प्रेक्षक म्हणून डोळ्यांपुढे ठेवत होते. तरी हा छंद मुलग्यांचा, हा समज काही जात नाही.

मराठी वाचक या दुनियेत अगदीच परका नाही. 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये मरणारा गुन्हेगार मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, 1993 मध्ये महेश कोठारे यांनी तीच कल्पना घेऊन ‘झपाटलेला’ केला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून बोलू लागला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याने भीतीचे हसू केले. क्लोव्हर यांच्या अर्थाने हा अस्सल पाठभेद. चकीच्या चाहत्यांचा निकष मात्र निराळा आहे. मूळ मालिकेच्या सातही चित्रपटांच्या लेखनात डॉन मॅन्सिनी या एकाच लेखकाचा हात असल्याने, त्याच्याविना झालेला 2019 चा रिमेक अनेकजण मोजतच नाहीत. इतर मालिकांत खुनी किंवा मुखवटा ज्या जागी असतो, तिथे इथे लेखक आहे. त्या निकषाने तात्या विंचूला कुठे ठेवायचे, यावर मराठीत कुणी नेटाने लिहिले तर मला फार आनंद होईल.

ज्यांना रक्त बघवत नाही, त्यांनीही या क्षेत्रातून पाय मागे घेऊ नये. ‘हॅलोवीन’ आणि ‘ब्लॅक ख्रिसमस’ यांत रक्त फारच थोडे आहे. सुरुवात त्या दोहोंनी करावी, मग 1984 चा मूळ ‘एल्म स्ट्रीट’ आणि 1987 चा त्याचा तिसरा भाग लागोपाठ पाहावेत. तिसऱ्यात मनोरुग्णालयातली मुले एकत्र एकाच स्वप्नात शिरून फ्रेडीशी लढतात, आणि तो मूळ चित्रपटाहून सरस मानणारे चाहते पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही: तिसऱ्यात कल्पकता अधिक आहे, पण झोप लागण्याचीच जी धास्ती पहिल्याने घातली, ती तिथे फ्रेडीच्या चुरचुरीत संवादांनी पातळ होते. आपले मत असे कारणासकट आधी लिहून काढावे, आणि मगच दुसऱ्यांच्या याद्या उघडाव्यात. ‘हॅलोवीन थ्री’ सर्वांत शेवटी पाहावा, बाकीचे ‘हॅलोवीन’ पाहून झाल्यावर. माझ्या यादीत तो पहिल्या ‘हॅलोवीन’च्या लगेच खाली, दुसऱ्या क्रमांकावर आहे.