मधला ढोल

26 जानेवारीला शाळेचं बँडपथक निघालं की आपलं लक्ष जातं पोटावरच्या मोठ्या ढोलाकडे, नाहीतर कडकडणाऱ्या साईड ड्रमकडे. या दोघांच्या मधला एक असतो, टेनर ड्रम. आज त्याच्याविषयी बोलू.

साईड ड्रमच्या खालच्या पानाला तारा असतात, म्हणून तो कडकडतो. टेनरला तारा नसतात. त्याचा आवाज भरीव, गोल. मोठा ढोल पाऊल सांगतो, साईड ड्रम बोल भरतो, आणि दोघांमधली पोकळी टेनर भरून काढतो. वाजवणारा मऊ डोक्याच्या काठ्या हवेत गरगर फिरवतो. त्यात ऐट आहेच, पण लांबून तालही दिसतो.

नागपूरला ढोल नवा नव्हता. महालात भोसल्यांचा नगारखाना होता. 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसले हरले आणि 1821 मध्ये इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली. कवायतीच्या बँडची ओळख आपल्या भागाला अशा छावण्यांमुळेच झाली. गंमत अशी, की युरोपच्या फौजांनी तो मोठा ढोल अठराव्या शतकात तुर्की फौजेकडून उचलला होता. पुढे फौजी बँडची नक्कल लग्नाच्या वरातीत आली, गणवेश आणि पितळी बटणांसकट.

गावात डफडं वाजवणं मात्र मांग समाजाकडे जातीनं लावून दिलेलं काम. त्यांच्यावाचून लग्न लागत नसे, पण जेवायला त्यांना मांडवाबाहेर बसवत. चामडं तेच, बडवणं तेच. फौजेत त्याला सलाम आणि गावात विटाळ! आम्हाला ही गोष्ट फार टोचते. आणि बाईनं ढोल गळ्यात अडकवायचा तर बातच नको.

ते आता बदलतंय. 2024 च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनाची सुरुवात शंभरावर महिलांनी वाद्यं वाजवून केली, त्यात आपला ढोल-ताशाही होता. त्याआधी, 2016 मध्ये, पाटण्याजवळच्या ढिबरा गावात दलित बायांनी 'नारी गुंजन सरगम महिला बँड' उभा केला. शेतमजुरी करणाऱ्या या बाया. आधी लोक हसले, मग लग्नाच्या सुपाऱ्या येऊ लागल्या.

आमच्या प्रभागातल्या शाळेत यंदा टेनर मुलींकडे आहे. पट्टा खांद्याला रुततो, म्हणून गटातल्या शिवणवाल्या बायांनी त्याखाली घालायला कापसाच्या गाद्या शिवून दिल्या. चार झाल्या, दोन बाकी आहेत.