फेफरे, डॉक्टर आणि दीडशे किलोमीटर

प्रार्थनेच्या वेळी एखादा मुलगा धाडकन खाली पडतो. हातपाय ताठ होतात, झटके येऊ लागतात, तोंडाला फेस येतो. कुणी कांदा आणायला धावतो, कुणी चप्पल हुंगवतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि मुलगा गाढ झोपी जातो. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. एक डॉक्टर सांगतात, ‘महिनाभर गोळ्या द्या, फिट आली नाही तर बंद करा.’ मुंबईचे डॉक्टर म्हणतात, ‘काही वर्षे एकही गोळी चुकवायची नाही.’ पालक शिक्षकांना विचारतात, ‘गुरुजी, खरं कुणाचं?’ माणगावसारख्या ठिकाणी शिक्षकांशी बोलताना हा प्रश्न आमच्यापुढे येतो. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे इतिहासात जावे लागते.

या विकाराची ओळख नवी नाही. चरकसंहितेत ‘अपस्मार’ नावाने त्याचे वर्णन आहे व त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. इ.स.पूर्व ४०० च्या सुमारास ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवले, की हा दैवी कोप नसून मेंदूचा आजार आहे. उपचार मात्र फार उशिरा आले. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग नोंदवला. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फिनोबार्बिटोनचा गुण दिसला. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि १९३८ मध्ये मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन आणले. म्हणजे स्वस्त आणि गुणकारी औषध हाती येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. मग ते माणगावच्या मुलापर्यंत नीट का पोचत नाही?

याचे एक कारण ज्ञान कुठे रुजले यात आहे. भारतात मज्जासंस्थेच्या आजारांचा स्वतंत्र विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने १९७० च्या सुमारास इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली. ही सारी केंद्रे मोठ्या शहरांत होती. रायगड जिल्ह्यात अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२१ साल उजाडले.

अंतराचा परिणाम कसा होतो ते पाहा. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात फेफऱ्याचे रुग्ण वर्षानुवर्षे परत येतात. औषध लवकर थांबवले की फिट पुन्हा येते, हे तिथला शिकाऊ डॉक्टर डोळ्यांनी पाहतो. चूक झाली तर वरिष्ठ दुरुस्त करतात. तालुक्याच्या डॉक्टरांना रुग्ण एकदा दिसतो, नंतर तो कुठे जातो ते कळत नाही. चूक दिसलीच नाही तर ती सुधारणार कशी? हा बुद्धीचा दोष नव्हे. शिकण्याची संधीच सर्वत्र सारखी नसते.

शहरी तज्ज्ञ नेहमी बरोबरच असतात, असेही नाही. फिट येणाऱ्या भारतीय रुग्णांच्या सी.टी. स्कॅनमध्ये अनेकदा एक छोटा ठिपका दिसे. तो क्षयाची गाठ समजून रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी गाठींचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेक फीतकृमीच्या अळीमुळे झाल्याचे आढळले. १९९१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परदेशी पाठ्यपुस्तकात हे उत्तर मिळाले नसते. ते इथल्याच रुग्णांकडे पाहून शोधावे लागले.

ग्रामीण भागात हे काम जमत नाही, असे कुणी म्हटले तर कर्नाटकातील यळंदूरकडे बोट दाखवावे. तेथे डॉ. के. एस. मणी व सहकाऱ्यांनी फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही जुनी, स्वस्त औषधे वापरून खेड्यांतील रुग्णांवर अनेक वर्षे नियमित उपचार केले. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या फिट दीर्घकाळ थांबल्या. २००१ मध्ये हा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. महागडे यंत्र नव्हे, तर सातत्य कामी आले.

अज्ञान फक्त दवाखान्यातच होते असे नाही, कायद्यातही होते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या जोडीला फेफरेही बसवले गेले. १९९९ मध्ये तो शब्द काढण्यात आला. कायदा बदलला तरी मुलीचे फेफरे लपवण्याची घराघरातली धडपड अजून संपलेली नाही, आणि लपवाछपवीत गोळ्या आधी चुकतात.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. औषध लागतेच का, हे आधी डॉक्टरांनी ठरवायचे. एकुलती एक फिट किंवा लहान मुलाला तापात आलेली फिट यांचा विचार वेगळा असतो. पण फेफऱ्याचे निदान होऊन औषध सुरू झाले, तर साधारणपणे निदान दोन वर्षे एकही फिट न आल्यावरच ते हळूहळू कमी करण्याचा विचार होतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकदम बंद करणे धोक्याचे असते.

शिक्षकांचे काम इथेच संपत नाही. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते. निदान मुख्यतः पाहणाऱ्याच्या सांगण्यावर होते, आणि वर्गात पाहणारे तुम्हीच असता. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर लगेच रुग्णालयात न्या. नंतर सुरुवात कोणत्या बाजूने झाली, मान कुठे वळली, किती वेळ लागला, हे कागदावर लिहून पालकांकडे द्या. माणगावच्या आणि मुंबईच्या डॉक्टरांपुढे तोच कागद ठेवला, तर निदान दोघांची सुरुवात तरी एकाच माहितीवरून होईल.