यंत्र तपासायचे कोणी?

चिंचपोकळी हे एकेकाळी विधानसभेच्या मतदारसंघाचेही नाव होते. २००४ मध्ये इथल्या मतदारांनी यंत्राचे बटण दाबून आमदार निवडला. पुढे पुनर्रचनेत मतदारसंघाचे नाव गेले, यंत्र राहिले. त्या यंत्रातले दोष शोधण्याच्या इतिहासातले एक ठळक प्रकरण इथून जवळच, फोर्टातल्या जुन्या कस्टम हाउसशी जोडलेले आहे.

मतदानयंत्र प्रथम वापरले गेले ते मे १९८२ मध्ये, केरळातील परूर येथे. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान अमान्य ठरवले. नंतर कायदा बदलला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व ५४३ जागांवर यंत्रानेच झाली. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नाही आणि त्याची आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली आहे, म्हणून ते सुरक्षित, ही आयोगाची भूमिका. ती बाहेरच्या कोणाला स्वतंत्रपणे पडताळता मात्र येत नव्हती.

हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांना २००९ मध्ये आयोगाने प्रात्यक्षिकासाठी बोलावले, पण ते अर्ध्यावरच थांबले. फेब्रुवारी २०१० मध्ये एका अज्ञात व्यक्तीने त्यांना खरे यंत्र दिले. मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गॉन्ग्रिप यांच्यासह त्यांनी एप्रिलमध्ये निष्कर्ष मांडले. निकाल दाखवणारी पट्टी बदलून खोटे आकडे दाखवता येतात, आणि मतदान ते मतमोजणी या काळात स्मृतीच्या चिपवर छोटे उपकरण लावून मते फिरवता येतात. दोन्हींसाठी यंत्र हाती लागावे लागते. कोणत्याही निवडणुकीत असे घडल्याचे त्यांनी सिद्ध केले नव्हते. ‘घडू शकते’ आणि ‘घडले’ यांतला फरक या वादात नेहमी पुसला जातो.

ते यंत्र जुन्या कस्टम हाउसमधून चोरीला गेल्याची तक्रार होती. यंत्र देणाऱ्याचे नाव सांगायला हरी प्रसाद तयार नव्हते. २१ ऑगस्ट २०१० रोजी त्यांना हैदराबादेत अटक करून मुंबईत आणले गेले. आठवड्याभराने जामीन मिळाला.

मत पडताळणीची कागदी चिठ्ठी २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत प्रथम आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती टप्प्याटप्प्याने सर्वत्र आणायला सांगितले. एप्रिल २०२४ च्या निकालाने आणखी एक दार किलकिले झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास, पाच टक्के यंत्रांतील चिप तपासून घेता येतात. ही तपासणी करतात ते मात्र यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते.