कॉझियस्कोच्या पायवाटा : ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च माथ्यावरील पदभ्रमंती

ऑस्ट्रेलिया म्हटले की अथांग समुद्रकिनारे, लाल मातीचे माळ आणि क्रिकेटची मैदाने आपल्या डोळ्यांसमोर येतात. वर्षातील काही महिने बर्फाखाली झाकला जाणारा पर्वतप्रदेशही या खंडात आहे, याची आठवण क्वचितच होते. न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण टोकाला असलेले कॉझियस्को राष्ट्रीय उद्यान हे या प्रदेशाचे मुख्य अंग होय. २,२२८ मीटर उंचीचे माउंट कॉझियस्को हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच शिखर येथेच आहे. सात खंडांतील सात सर्वोच्च शिखरांच्या एका प्रचलित यादीत त्याचा समावेश होतो आणि त्या सातांत ते चढायला सर्वांत सोपे मानले जाते. दोर, कुऱ्हाड वा प्राणवायूची नळकांडी यांची गरज न लागता उन्हाळ्यात सहकुटुंब या माथ्यावर जाता येते. मात्र ही सुलभता काहीशी फसवी आहे. येथील हवामान माणसाला आणि माणसाची पावले येथील जमिनीला इजा करू शकतात. या उद्यानातील पायवाटांची रचना आणि नियम या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याशिवाय नीट उमगत नाहीत.

उद्यानाची ओळख

सुमारे ६,९०० चौरस किलोमीटर पसरलेले हे उद्यान गोवा राज्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. १९४४ साली येथे ‘स्टेट पार्क’ स्थापन झाले आणि १९६७ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पोलिश भूशास्त्रज्ञ व प्रवासी पावेल एडमंड स्ट्रझेलेत्स्की यांनी १८४० साली हा पर्वत चढून त्याला आपल्या देशाचे स्वातंत्र्यसेनानी तादेउश कोश्चुश्को यांचे नाव दिले. त्याचाच ऑस्ट्रेलियन उच्चार पुढे ‘कॉझियस्को’ असा रूढ झाला. अर्थात, त्याआधी हजारो वर्षांपासून न्गारिगो व शेजारच्या आदिवासी समाजांचा या पर्वतांवर वावर होता. उन्हाळ्यात खडकांच्या फटींत विसावणारे बोगाँग पतंग भाजून खाण्यासाठी निरनिराळ्या जमाती येथे एकत्र येत असत.

येथील डोंगर हिमालयासारखे सुळकेदार नाहीत. माथे गोलसर असून चढ बहुधा सौम्य आहेत. शेवटच्या हिमयुगात हिमनद्यांनी कोरलेली ब्लू लेक, क्लब लेक, लेक अल्बिना आणि लेक कूटापटांबा ही सरोवरे मुख्य रांगेच्या आसपास दिसतात. ब्लू लेकला रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. स्नोई नदीचा उगमही याच उतारांवर होतो.

शिखराकडे नेणाऱ्या तीन वाटा

पहिली वाट थ्रेडबो गावातून जाते. गावातून चेअरलिफ्टने १,९३७ मीटर उंचीवरील ईगल्स नेस्ट गाठता येते. तेथून शिखरापर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर सुमारे १३ किलोमीटर आहे आणि त्यास साधारण चार ते सहा तास लागतात. प्रत्यक्ष चढ जेमतेम तीनशे मीटरचा असल्यामुळे लहान मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांची पसंती याच वाटेला असते. वाऱ्याचा जोर वाढल्यास लिफ्ट थांबवली जाते. तसेच परतीची शेवटची फेरी हुकली तर गावापर्यंतचा तीव्र उतार पायी उतरावा लागतो. निघण्यापूर्वीच फेऱ्यांच्या वेळा पाहून घ्याव्यात.

दुसरी वाट शार्लट पासमधून निघते. ये-जा मिळून ती १८.६ किलोमीटर भरते. १९७० च्या दशकापर्यंत मोटारी ज्या रस्त्याने थेट शिखराजवळ जात, तोच हा रस्ता आहे. वाहने बंद झाल्यावर तो पादचारी व सायकलस्वारांसाठी राखून ठेवण्यात आला. वाट रुंद आणि चुकण्यास फारसा वाव नसलेली आहे, परंतु अंतर मोठे असल्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा लागतो. सायकली रॉसन पासपर्यंतच नेता येतात, पुढचा शेवटचा टप्पा सर्वांनी पायीच चढायचा असतो.

तिसरी आणि अनुभवी मंडळींच्या मते सर्वांत देखणी वाट म्हणजे ‘मेन रेंज वॉक’. सुमारे २२ किलोमीटरची ही वर्तुळाकार वाट शार्लट पासपासून उतरून स्नोई नदी ओलांडते, ब्लू लेकच्या बाजूने चढते आणि कॅरुथर्स शिखरावरून लेक अल्बिनाच्या माथ्याशी येते. तेथून कॉझियस्को गाठून जुन्या शिखर-रस्त्याने परतता येते. डोंगरधारेवर वारा अडवणारे एकही झाड नसते. त्यामुळे सात ते नऊ तासांची ही चाल तंदुरुस्त व्यक्तींनी, स्वच्छ हवेच्या दिवशी आणि सकाळी लवकर निघूनच करावी. एवढी चाल झेपणार नसेल त्यांनी याच वाटेने केवळ ब्लू लेकपर्यंत जाऊन परतावे. तेवढ्यातही या प्रदेशाचे खरे रूप पाहावयास मिळते.

अनेक दिवसांच्या वाटा

अलीकडच्या काळात विकसित केलेली ‘स्नोईज अल्पाइन वॉक’ ही सुमारे ५५ किलोमीटरची वाट चार दिवसांत चालता येते. गथेगा, शार्लट पास, पेरिशर आणि लेक क्रॅकनबॅकचा परिसर तिने जोडला आहे आणि मेन रेंजचे वर्तुळ तिचाच एक टप्पा आहे. रोजचा टप्पा संपताच वस्तीच्या ठिकाणी उतरता येत असल्याने तंबू पाठीवर वाहण्याची सक्ती उरत नाही. याहून मोठे आव्हान हवे असणाऱ्यांसाठी ‘ऑस्ट्रेलियन आल्प्स वॉकिंग ट्रॅक’ आहे. व्हिक्टोरियातील वॉलहॅला ते कॅनबेराजवळील थार्वा असा सुमारे ६५५ किलोमीटरचा हा मार्ग या उद्यानातूनही जातो.

उद्यानाचा उत्तर भाग तुलनेने शांत आहे. तेथे यारंगोबिली येथील चुनखडकाच्या गुहा आणि बारमाही २७ अंश सेल्सिअस तापमानाचे नैसर्गिक कुंड आहे. १८५९-६० मधील सोन्याच्या शोधाने गजबजलेल्या कियांड्रा वस्तीच्या खुणाही त्याच भागात आहेत.

लोखंडी जाळी कशासाठी?

थ्रेडबोकडून शिखराकडे जाताना बराचसा मार्ग जमिनीपासून उचललेल्या लोखंडी जाळीवरून जातो. पहिल्यांदा येणाऱ्यास ती पर्यटकांची सोय वाटते. वस्तुतः ती जमिनीच्या रक्षणासाठी आहे. एकोणिसाव्या शतकापासून उन्हाळ्यात गुरे-मेंढ्यांचे कळप या माथ्यांवर चरावयास आणले जात आणि कोवळे गवत फुटावे म्हणून कुरणे जाळली जात. वनस्पतींचे आच्छादन नाहीसे झाल्यावर वारा, पाऊस आणि गोठणाऱ्या पाण्याने माती सुटू लागली. कॅरुथर्स शिखराच्या परिसरात तर उघडे खडक दिसू लागले. अॅलेक कॉस्टिन यांच्यासारख्या परिसरशास्त्रज्ञांनी हा ऱ्हास शास्त्रीय पद्धतीने मांडला. शिखराच्या परिसरातील चराई १९४४ मध्ये थांबवण्यात आली आणि १९६० च्या दशकाअखेर ती संपूर्ण उद्यानात बंद झाली. मृदसंधारण खात्याने उघड्या पडलेल्या उतारांवर गवताचे आच्छादन व जाळ्या अंथरून पुन्हा हिरवळ रुजवली. या कामाला अनेक वर्षे लागली.

गुरे गेली, पण पर्यटक वाढले आणि हजारो बुटांखाली तीच माती पुन्हा सुटू लागली. त्यावर उपाय म्हणून ही जाळी बसवण्यात आली. तिच्या छिद्रांतून ऊन-पाऊस खाली पोहोचतो आणि वनस्पती जिवंत राहतात. येथे झाडोऱ्याच्या वाढीचा काळ वर्षातील थोडेच महिने असतो. म्हणूनच छायाचित्रासाठी वाट सोडून फुलांत शिरणे हा येथे क्षुल्लक अपराध नव्हे.

सीमन हटची कथा

शार्लट पासपासून सुमारे सहा किलोमीटरवर, शिखर-रस्त्यालगत एक दगडी निवारा उभा आहे. १९२८ च्या हिवाळ्यात लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोघे तरुण स्कीइंग करीत शिखराकडे निघाले. ते हिमवादळात सापडले आणि परतलेच नाहीत. सीमन यांच्या कुटुंबाने दिलेल्या निधीतून १९२९ मध्ये हा निवारा बांधण्यात आला. आजही तो केवळ संकटकाळी आसरा घेण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही.

येथील हवेचा अभ्यास फार पूर्वी सुरू झाला. हवामानतज्ज्ञ क्लेमेंट रॅग यांनी १८९७ मध्ये थेट शिखरावर वेधशाळा उभारली होती. ती १९०२ पर्यंत चालली. ऑस्ट्रेलियातील नोंदलेले सर्वांत कमी तापमान, उणे २३ अंश सेल्सिअस, २९ जून १९९४ रोजी शार्लट पास येथेच मोजले गेले. हिवाळ्याचे सोडाच, भर उन्हाळ्यातही येथे हिमवर्षाव होऊ शकतो. सकाळचे निरभ्र आकाश दुपारी धुक्याने भरून येते आणि दहा पावलांवरचे दिसेनासे होते.

जीवसृष्टीवरील संकटे

आपल्याकडे निलगिरी या नावाने परिचित असलेल्या वृक्षकुळातील ‘स्नो गम’ हा येथील वृक्षरेषेवरचा राजा आहे. वाऱ्याने पिळवटलेली त्याची रंगीबेरंगी खोडे शार्लट पासजवळ पाहता येतात. २००३ आणि २०१९-२० च्या वणव्यांनी उद्यानाचे मोठे क्षेत्र होरपळले. त्यातच खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यामुळे अनेक ठिकाणी हे वृक्ष वाळत चालले आहेत.

खडकांच्या राशींत राहणारा माउंटन पिग्मी पॉसम हा जेमतेम ४५ ग्रॅम वजनाचा प्राणी शास्त्रज्ञांना प्रथम जीवाश्मांतूनच ठाऊक होता. १९६६ मध्ये व्हिक्टोरियातील माउंट हॉथम येथे तो जिवंत सापडला. बर्फाखाली दीर्घ निद्रा घेऊन जागा झाल्यावर तो बोगाँग पतंगांवर ताव मारतो. हे पतंग क्वीन्सलँडसारख्या दूरच्या प्रदेशांतून, काही तर हजार किलोमीटर उडून येतात. २०१७ नंतरच्या दुष्काळात त्यांची संख्या एकाएकी कोसळली आणि पॉसमचीही उपासमार झाली. मोकाट घोड्यांच्या टापांनी पाणथळ जागा तुडवल्या जात असल्याने त्यांची संख्या घटवण्यावरून राज्यात दीर्घकाळ वाद सुरू आहे.

केव्हा जावे, काय तयारी करावी?

आपल्याकडील थंडीचे महिने म्हणजे तेथील उन्हाळा. नोव्हेंबर ते एप्रिल हा चालण्याचा हंगाम असून जानेवारीच्या सुमारास रानफुले बहरतात. हंगामाच्या आरंभी उंचावरील वाटांवर बर्फाचे पट्टे शिल्लक असू शकतात. जून ते ऑक्टोबर या काळात हिमप्रवासाचे प्रशिक्षण व साहित्य नसणाऱ्यांनी या वाटा टाळाव्यात. कॅनबेराहून मोटारीने सुमारे अडीच तासांवर असलेले जिंडाबाइन हे उद्यानाचे प्रवेशद्वार मानले जाते. तेथील माहिती केंद्रात वाटांची ताजी स्थिती समजते.

• ऊन असले तरी जलरोधक जॅकेट, उबदार कपडे, टोपी व हातमोजे सोबत ठेवावेत. विरळ हवेत ऊन तीव्र लागते, त्यासाठी सनस्क्रीनही हवे.
• पाणी आणि खाणे पुरेसे न्यावे. शिखरावर काहीही मिळत नाही.
• मोबाइलच्या संपर्कावर विसंबू नये. संकटसंदेश पाठवणारे उपकरण उद्यान सेवेकडून विनाशुल्क उसने मिळते. आपल्या प्रवासाचा तपशील नोंदवूनच निघावे. आपत्कालीन क्रमांक ००० हा आहे.
• हिमनदीजन्य सरोवरांच्या पाणलोटात तंबू ठोकण्यास मनाई आहे. कचरा परत आणावा.
• हवा बिघडू लागल्यास शिखर कितीही जवळ दिसत असले तरी मागे फिरावे.

भारतातून नोकरी-शिक्षणानिमित्त सिडनी, मेलबर्न वा कॅनबेरा येथे गेलेल्यांना आणि त्यांच्याकडे सुटीला जाणाऱ्या आई-वडिलांना ही सहल सहज जमण्यासारखी आहे. ज्येष्ठांनी थ्रेडबोची वाट निवडावी. पूर्ण अंतर झेपणार नसेल तर चेअरलिफ्टने वर जाऊन जाळीच्या वाटेने अर्धा तास चालावे आणि परतावे. तेवढ्या चालीतही मुख्य रांगेचे मोकळे माथे नजरेच्या टप्प्यात येतात.