घर नोंदवणारा कोण? ग्राहक, ऋणको की धनको
(दिल्ली परिसरातील घरखरेदीदारांच्या हक्कांचा इतिहास)

समजा, २०१० साली तुम्ही नोएडात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर नोंदवले. पदरची पुंजी घातली, उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढले. ताब्याची तारीख उलटली आणि इमारत अर्ध्यावर थांबली. आता दरमहा कर्जाचा हप्ताही भरायचा आणि राहत्या जागेचे भाडेही. बिल्डर करारावरची तुमची सही दाखवतो. बँक म्हणते, घर मिळो न मिळो, कर्ज तुम्ही घेतले आहे. अशा वेळी कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारण कायदा तुम्हाला ज्या नावाने ओळखतो, त्या नावाचेच हक्क तुम्हाला मिळतात. ही ओळख कशी बदलत गेली, ते या पाठात पाहू.

१. पहिली ओळख : ग्राहक

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत बँक, विमा, वाहतूक यांचा उल्लेख होता, घरबांधणीचा नव्हता. तो १९९३ च्या दुरुस्तीने आला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घरबांधणी मुळातच सेवा आहे आणि सरकारी प्राधिकरणही या कायद्यातून सुटत नाही.

पुढचा प्रश्न भरपाई किती, हा होता. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १७ मार्च २००४ रोजी न्यायालयाने सरसकट १८ टक्के व्याज देण्याची पद्धत नाकारली. ज्याला उशिरा का होईना घर मिळाले, त्याला वाढलेल्या किमतीचा लाभ झाला. ज्याला फक्त पैसे परत मिळाले, त्याचे घरही गेले. दोघांचे नुकसान सारखे नाही, म्हणून भरपाई प्रत्येकाच्या नुकसानीप्रमाणे ठरवावी, असा हा निकाल आहे.

२. करारावरची सही

“तुम्हीच सही केली आहे” हा बिल्डरचा जुना युक्तिवाद. गुरुग्राममधील पायोनियर अर्बन कंपनीच्या करारात ग्राहकाने हप्ता चुकवला तर १८ टक्के व्याज होते, पण कंपनीने ताबा लांबवला तर फक्त ९ टक्के. २ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि त्या ग्राहकाला बांधत नाहीत.

मराठी वाचकाला हा विचार नवा वाटू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. त्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासण्यास सांगितले. कागदावर अंगठा आहे एवढे पाहून निकाल देणे पुरेसे नाही, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते.

३. दुसरी ओळख : धनको

ग्राहक म्हणून मिळालेला हक्क एका ठिकाणी कमी पडला. ९ ऑगस्ट २०१७ रोजी आयडीबीआय बँकेच्या अर्जावरून जेपी इन्फ्राटेक कंपनीविरुद्ध अलाहाबाद येथील कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. २०१६ च्या संहितेनुसार अशी कारवाई सुरू झाली की कंपनीविरुद्धचे इतर दावे थांबतात. ग्राहक आयोगातील तक्रारीही थांबल्या. कंपनीचे काय करायचे हे धनकोंची समिती ठरवणार, आणि त्या समितीत बँका होत्या. ज्यांच्या पैशावर इमारती उभ्या राहत होत्या, ते घरखरेदीदार नव्हते.

ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ जून २०१८ च्या अध्यादेशाने कायदा बदलला : घरासाठी आगाऊ भरलेली रक्कम म्हणजे बिल्डरने उचललेले कर्जच, म्हणून घरखरेदीदार हा वित्तीय धनको. बिल्डर कंपन्यांनी याला आव्हान दिले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये अट आली की दिवाळखोरीचा अर्ज करायला एकाच प्रकल्पातील किमान १०० किंवा १० टक्के खरेदीदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे, एकत्र हवेत. एकट्याचा हक्क समूहाचा झाला.

४. पैसा कुठे गेला?

उशीर आणि फसवणूक यांतला फरक आम्रपाली प्रकरणात दिसतो. न्यायालयाने नेमलेल्या लेखापरीक्षकांना खरेदीदारांचा पैसा इतरत्र वळवल्याचे आढळले. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाची रेरा नोंदणी रद्द केली, अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीला दिले आणि प्राधिकरणांना व बँकांना त्यांची थकबाकी खरेदीदारांच्या घरांतून वसूल करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

पैसा असा वळवला जाऊ नये यासाठीच २०१६ च्या रेरा कायद्यात खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याची तरतूद आहे. विक्री करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

५. आज तुमच्या हाती काय आहे?

रेरा आणि ग्राहक आयोग यांपैकी मार्ग निवडण्याचा हक्क तुमचा आहे. रेरामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२० रोजी गुरुग्राममधीलच एका प्रकल्पाबाबत सांगितले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेही तक्रार करता येते. पुण्यात राहून नोएडातील घरासाठी दिल्लीच्या खेपा घालण्याची सक्ती नाही. तक्रारीची मुदत साधारणपणे २ वर्षे आहे, म्हणून बिल्डरच्या तोंडी आश्वासनांवर थांबू नका. प्रत्येक पत्र, पावती आणि जाहिरात जपून ठेवा.

एक गोष्ट मात्र या सगळ्या निकालांनी बदललेली नाही. बँकेशी झालेला कर्जाचा करार वेगळा असतो. ताबा मिळाला नाही म्हणून स्वतःहून हप्ते थांबवले तर थकबाकीदार तुम्ही ठरता. बिल्डरपुढे तुम्ही ग्राहक आणि धनको असलात, तरी बँकेपुढे ऋणकोच असता. ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे सही करण्यापूर्वी लक्षात असू द्या.

विचार करा : तुमच्या घरातील एखादा कर्जाचा किंवा खरेदीचा करार काढून वाचा. दोन्ही बाजूंच्या उशिरासाठी त्यात व्याजाचा दर सारखा आहे का?